शेपटाचं जाकीट

रविवारी सकाळी टेकडीवर जाणाऱ्या मंडळींत मावशींकडे एकच काम होतं. सगळ्यांच्या मागे राहायचं. ऐकायला हे फार सोपं वाटतं. पुढे धावायला दम लागतो, मागे राहायला काय लागतं? ज्याला असं वाटत असेल त्याने एकदा आपल्यापेक्षा हळू चालणाऱ्या माणसाच्या मागे चालून बघावं, आणि तेही त्याला कळू न देता.

मावशींचं गल्लीच्या तोंडाशी कपडे दुरुस्त करून द्यायचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट! आत शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल आणि मावशी एवढं मावलं की गिऱ्हाइकाला पायरीवरच उभं राहावं लागे. गळ्यात कायम टेप. गावभरच्या कमरांची खबर त्यांच्याकडे होती, पण त्यातली एकही कधी फुटली नाही. कुणी पँट सैल करायला घेऊन आला आणि ओशाळून उभा राहिला, की मावशी स्वतःहून म्हणत, "धुण्यात आटलेली दिसते. हल्लीचं कापडच मेलं तसलं." माणूस खूश होऊन घरी जाई आणि बिचाऱ्या कापडाचं नाव बद्दू होई.

मंडळींचा रस्ता ठरलेला होता. पुलाखाली जमायचं, नदीकाठच्या हिरवळीवरून, बाकांच्या आणि झोपाळ्यांच्या रांगेवरून पुढे जायचं, लाकडी साकव ओलांडायचा. तिथून पायवाट वर चढते. दगडांवर पिवळ्या रंगाच्या खुणा आहेत, त्या धरून झुडपांतून निघालं की पाण्याच्या टाकीजवळचं पठार. तिथून सगळं शहर पायाशी दिसतं आणि आपलं घर कुठलं यावरून दर रविवारी वाद होतो. पुढारी होते सर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, आवाज मात्र अजून नोकरीत. त्यांचा नियम असा, की शेवटच्या माणसाच्या मागे कुणीही राहायचं नाही. त्या शेवटच्या माणसाने लांबून दिसावं म्हणून भडक पिवळं जाकीट घालायचं. जाकीट मावशींनीच शिवलं होतं, स्वतःच्या मापाचं. पठारावर पोचलं की सर ओरडत, "शेपूट आलं का?" आणि खालून मावशी ओरडत, "आलं!" मग डबे उघडायचे, त्याआधी नाही.

मावशींची खरी हुशारी वाटेत दिसे, म्हणजे दिसतच नसे. एका वर्षी मंडळींत एक कॅशियर नवे आले. मोठ्या आजारातून उठलेले, चढावर भाता फुंकल्यासारखा श्वास चालायचा. पण ताठा असा, की मरेन पण थांबणार नाही. ते अगदी रडकुंडीला आले की मागून मावशींचा आवाज येई, "थांबा हो जरा, माझी लेस सुटली." आणि मावशी खाली बसून चांगली बांधलेली लेस सोडून पुन्हा बांधत. सावकाश, सुईत दोरा ओवावा तशी. तेवढ्यात कॅशियरांचा श्वास ठिकाणावर येई. वर कॅशियरच त्यांना समजावत, "हळू हळू चला मावशी, वय झालं आता तुमचं." मावशी मान डोलावत आणि हसू गिळून टाकत.

ते हसू बाहेर पडे घरी, दुपारच्या चहाला. काका म्हणजे मावशींचे यजमान. जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला, त्यामुळे आता रोजच्या पेपरातल्या चुकांना लाल पेन्सिलीने गोल करत बसायचे. टेकडीबद्दलचं त्यांचं मत कायमचं ठरलेलं होतं. "वर जाऊन शेवटी खालीच यायचं ना? मग मी आधीपासून खालीच आहे." मावशी मात्र हौसेने सगळं सांगायच्या. कोण दमलं, लेस कितीदा सुटली, कॅशियर काय म्हणाले. पेपराआडून फक्त "हं" यायचं. भिंतीशी बोलले तर निदान ती 'हं' तरी म्हणणार नाही, असं मावशी शेजारणीला म्हणायच्या. तरी सांगायच्या मात्र यांनाच.

मग गुडघा बोलायला लागला. आधी शिवणयंत्राचं पायडल मारताना, मग जिन्यात. डॉक्टरांनी सपाट चालायला परवानगी दिली आणि चढाबद्दल नुसतं तोंड वाकडं केलं. मावशींनी ही गोष्ट मंडळींपासून लपवली, पण सरांची नजर उभी हयात रांगा बघण्यात गेलेली. एका शनिवारी ते पायरीवर आले, हातात उसवलेला शर्ट निमित्ताला.

"मावशी, नदीकाठचा गट आहे बघा आपला. सपाट रस्ता, बाक आहेत, सावली आहे."

"आणि शेपूट?"

"कॅशियर आता ठणठणीत झालेत. ते राहतील मागे."

मावशींनी शर्ट ओढून घेतला. कॅशियर! त्या माणसाला मागे राहणं जमेल, पण मागे राहून दुसऱ्याची लाज राखणं त्याच्या सात पिढ्यांना जमणार नाही. पण खरं दुःख ते नव्हतंच. आठवडाभर फटीत बसून दुसऱ्यांच्या कमरा सैल करणाऱ्या बाईची रविवारी वर कुणीतरी वाट बघत असे, ती आल्याशिवाय डबा उघडत नसे. ते सुटणार, हे त्यांना सोसवेना.

"उद्या एकदा येऊ द्या मला. रखडले तर मीच जाकीट काढून देईन," त्या म्हणाल्या. सर नाइलाजाने हो म्हणाले.

रात्री जेवताना काकांनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"कुणी?"

"मी पण येतो. डॉक्टर म्हणाले चालत जा."

मावशींनी कपाळावर हात मारला. एवढ्या वर्षांत गल्लीच्या कोपऱ्यावर पाव आणायला जायचं तर यांना जिवावर यायचं, आणि नेमकं परीक्षेच्या दिवशी हे लोढणं गळ्यात! पण नवऱ्याला नको कसं म्हणणार? त्यांनी गुपचूप त्यांच्या सँडल पुसून दाराशी ठेवल्या.

सकाळी नदीकाठीच काकांनी रंग दाखवायला सुरुवात केली. बदकं बघत उभे राहिले. माळ्याला पाण्याच्या नळीबद्दल विचारत बसले. सूचनेच्या पाटीवर शुद्धलेखनाच्या चुका शोधल्या. मंडळी साकवापर्यंत पोचली तरी हे मागेच.

"अहो, पुढे व्हा ना. शेवटी मी असते. नियम आहे तो."

"हो हो, हा आलोच," म्हणून काका तिथेच.

चढ सुरू झाला आणि पहिल्या वळणावरच गुडघ्यात कळ आली. मावशींनी दात आवळले. पुढची मंडळी झुडपांआड गेली होती. आता थांबावं तर परीक्षा नापास, चालावं तर पाऊल उचलत नाही. लेस बांधायचं निमित्त करावं तर गुडघा वाकेना. एवढ्यात मागून आवाज आला, "अगं, थांब जरा. लेस सुटली."

मावशी चिडल्या आणि मनातून सुखावल्याही. झाडाला टेकून त्यांनी श्वास घेतला, कळ ओसरली, दोघं निघाले. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच. कळ यायला आणि काकांची लेस सुटायला एकच गाठ पडत होती. मावशींना बरं वाटलं. चला, आपण रखडलो नाही, हे रखडवतायत. सरांना तसं सांगता येईल. मागे न बघताच त्या मोठेपणाने म्हणाल्या, "हळू हळू चला हो, वय झालं आता तुमचं."

वाक्य तोंडातून गेलं आणि कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

पुढच्या वेळी "लेस सुटली" ऐकल्यावर मावशींनी मान वळवली. काका एका दगडावर पाय ठेवून वाकले होते. दोन्ही हातांनी बोटांशी काहीतरी चाललं होतं, अगदी मन लावून, सुईत दोरा ओवावा तसं. आणि पायात सँडल होत्या. चिकटपट्टीच्या. काकांचे हात थरथरतात, लेस बांधता येत नाही, म्हणून मावशींनीच दुकानातून निवडून आणलेल्या.

मावशी बघतच राहिल्या. पेपराआडचा तो प्रत्येक 'हं' त्यांना आठवला. या माणसाने एकूण एक शब्द ऐकला होता. त्यांचे डोळे भरून आले. राग आला, लाज वाटली, आणि त्या सगळ्याच्या वर इतकी माया दाटली, की त्याच वाटेवर त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण तसं केलं असतं तर काकांची इतकी मेहनत फुकट गेली असती. आपण पकडले गेलो हे चांगुलपणा करणाऱ्याला कधी कळू द्यायचं नसतं, हे मावशींना पक्कं माहीत होतं.

त्यांनी डोळे टिपले, जाकीट काढलं आणि खाली त्यांच्यापुढे धरलं.

"हे घाला. शेवटच्याकडे असतं ते."

"मी कशाला? लेस बांधली की गाठतोच तुला."

"घाला म्हणते ना! आणि बांधा सावकाश. मला घाई नाही."

मावशी पुढे निघाल्या. कळ आली की थांबल्या, आता निमित्त न करता, आणि त्या थांबल्या की मागची लेसही सुटतच राहिली. पठार दिसलं तेव्हा मंडळी डबे मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी सवयीने हाक दिली, "शेपूट आलं का?"

मावशींनी एकदा मागे वळून बघितलं. मग त्या ओरडल्या, "अजून नाही! मागे आहे. लेस बांधतंय!"

सर हातातली काठी टेकून उभे राहिले. त्यांनी मावशींच्या अंगावर जाकीट नाही हे बघितलं, आणि बसायला दगड मोकळा करून दिला. कॅशियरांनी मात्र डब्याच्या झाकणावरचा हात काढला. लेसची गोष्ट कधीची होती आणि कुणाची, ते त्यांना इतक्या वर्षांनी उमगलं असावं. ते उठून वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, खाली बघत.

बऱ्याच वेळाने झुडपांतून पिवळा रंग दिसला. काका घामाने निथळत, धापा टाकत वर आले, आणि कुणी विचारायच्या आत सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं ओरडले, "आलं!"

टाळ्या झाल्या, डबे उघडले. काका मावशींच्या शेजारी येऊन बसले. जाकिटाची बटणं पोटावर काही केल्या लागत नव्हती आणि ते दोन्ही हातांनी कडा ओढत ओशाळून इकडेतिकडे बघत होते. मावशींनी शिवणीवरून बोट फिरवून बघितलं.

"धुण्यात आटलंय हो," त्या म्हणाल्या. "द्या इकडे. पुढच्या रविवारपर्यंत सैल करून ठेवते."