मोथ्याची वाटणी

कौशल्या लग्न होऊन काटोलकडच्या गावात आली, तेव्हापासून भासऱ्यांपुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरून पदर ओढायचा आणि बाजूला व्हायचं. एकाहत्तर साली, शेताच्या वाटणीच्या दिवशी ते संपलं.

विहिरीकडचा संत्र्याचा बगिचा भासऱ्यांनी, मनोहररावांनी, स्वतःकडे ठेवला. नाल्याकडचा तुकडा धाकट्या देवरावांना, कौशल्याच्या नवऱ्याला, दिला. तुकडा हिरवागार होता, पण नुकताच विळ्याने कापलेला.

"हरळी हाये," मनोहरराव पंचांना म्हणाले. "ढोरायले बारा महिने चारा."

देवरावांनी मान डोलावली.

कौशल्याला ती हिरवळ नको तितकी चकचकीत वाटली. तिने वाकून दांडीचा उरलेला बुडखा उपटला आणि चिमटीत फिरवून पाहिला. हरळीची काडी गोल, तिला पेरं असतात. ही फिरेना. तिला तीन कडा होत्या, पेर एकही नव्हतं. पानंही तीन बाजूंना फुटलेली. मग तिने खुरप्याने माती उकरली. दोऱ्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी एकामागे एक वर आल्या. एक फोडली, तर उटण्यासारखा वास आला. तपकिरी तुरे असते तर कोणीही ओळखलं असतं. म्हणूनच विळा फिरला होता.

ती सरळ भासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"हरळी नाही, मोथा हाये हा! वरून कापा नाहीतर जाळा, खालच्या गाठीतून दरसाल उगवते, पीक होऊ देत नाही. तुमाले माहीत होतं!"

"बाईमाणसानं मधात बोलू नये."

"मंग हा चारा तुमीच घ्या. आमाले विहिरीकडचं द्या."

कौशल्या नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी काहून मान हालवून राहिले जी?"

"मनोहर, खरं सांग गा," वामनराव पंच म्हणाले. मनोहररावांनी मान खाली घातली. शेवटी बगिचा आणि मोथा, दोन्ही निम्मे-निम्मे झाले.

कौशल्याचा राग मात्र उतरला नाही. दोन उन्हाळे नवराबायकोने गाठी वेचल्या, तरी मोथा पुरता गेला नाही. वेचताना ती भासऱ्यांना शिव्या घालायची. देवराव ऐकून घ्यायचे.

पुढे मनोहररावांच्या मुलीचं लग्न निघालं. कौशल्या गेली नाही. देवराव निघाले, तेव्हा तिने त्यांच्या हातात भाकरीचा डबा दिला.

"आहेर करा अन् या. तिथं पाण्यालेही हात लावायचा नाही."