हाड बेकु

आम्ही गंधर्व. दुकान मटणाचं.

हे दोन्ही एकत्र कसं, असं विचाराल तर घरात त्याची दोन उत्तरं आहेत. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणतात की आजोबांना मटणाची चटक लागली आणि स्वर्गात रस्सा मिळेना, म्हणून ते आपणहून खाली उतरले. आई म्हणते, आपणहून कुठले, हाकलले! का हाकलले ते मात्र ती सांगत नाही (सासऱ्यांचा मान!). ते असो. आधी आम्ही निपाणीत होतो, मग संकेश्वरात, आणि आता बेळगावात, शहापूरच्या एका बोळात. एका बाजूला यंत्रमाग, समोर किराणा आणि मध्ये आमचे हुक.

दुकान तसं चारचौघांसारखंच. फक्त माशी नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, "आप्पांच्यात स्वच्छता लई!" कसली स्वच्छता? माशी उंबऱ्यापर्यंत येते, आम्हाला बघते आणि परत जाते. आमच्या पापण्या लवत नाहीत, म्हणून मी काळा चष्मा लावतो (बोळात सगळ्यांना वाटतं, माझे डोळे कायमचे आलेत). कान टोकदार, म्हणून बारा महिने कानटोपी. आणि पावलं जमिनीपासून बोटभर वर राहतात, म्हणून लुंगी घोट्याखाली. थंडीत हे सगळं खपून जातं. मे महिन्यात मात्र माझं डोकं उकडून निघतं!

आमच्या धंद्याचं गुपित म्हणजे गुणगुणणं. आप्पा मागच्या खोलीत बकऱ्याला जवळ घेतात आणि मिटल्या तोंडानं गुणगुणतात. बकरं ऐकतं, कान पाडतं, त्यांच्या मांडीवर मान टाकतं आणि झोपी जातं. पुढचं त्याला कळतच नाही. त्या वेळी खोलीत अशी शांतता पसरते की भिंतीपलीकडचे माग चालू असूनही ऐकू येत नाहीत. आता हे काम मीही करतो, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

पण गुणगुणायचं तेवढंच. तोंड उघडून गायचं नाही! मिटल्या तोंडानं जे झोपतं ते उघड्या तोंडानं उठतं. निपाणीत आजोबा एकदा गायले, संकेश्वरात आत्या गायली, आणि दोन्ही वेळा आम्हाला रातोरात गाव सोडावं लागलं. "आता मी हलणार न्हाय," असं आईनं निक्षून सांगितलं होतं. तिला इथं गंगाक्का भेटली होती, शेजारच्या मागवाल्यांची. रोज दुपारी दोघी मिळून शेंगा फोडायच्या आणि बोळातल्या सगळ्यांची सालं काढायच्या. एवढ्या वर्षांत आईला पहिल्यांदाच मैत्रीण मिळाली होती. तिला तशी हसताना बघून मला फार बरं वाटायचं.

आणखी एक भानगड म्हणजे घराण्याचा शाप. कुणी तीनदा गाणं मागितलं तर गंधर्वाला नाही म्हणता येत नाही. आता मटणाच्या दुकानात येऊन गाणं कोण मागणार?

एका रविवारी सकाळी दाट धुकं पडलं होतं. आप्पा बकरी आणायला कंग्राळीला निघाले. जाताना म्हणाले, "कन्नड गिऱ्हाईक आलं तर आईला हाक मार." मला भयंकर राग आला. मला कन्नड येतं! (बसच्या पाट्या मी घडाघडा वाचतो.)

थोड्या वेळानं धुक्यातून नाईक मास्तर आले. शेजारच्या गल्लीत नुकतेच राहायला आलेले, रिटायर कन्नड मास्तर. माणूस भला. मराठी माणसाशी मराठीतच बोलायची त्यांना हौस, पण मधूनच कन्नड घुसायचं.

"अर्धा किलो दे. मत्त हाड बेकु."

मी दचकलो. मत्त म्हणजे आणखी, बेकु म्हणजे पाहिजे, आणि कन्नडात हाड म्हणजे गाणं! एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

"आत्ता? हितं?"

"मग कुठं? हाड बेकु म्हटलं की!"

दोनदा झालं.

"मास्तर, आमच्यात मनाई हाय हो."

"हाडाला मनाई? कसलं दुकान रं हे?"

मी वेळ काढायला विचारलं. "कसलं आवडतं तुमास्नी?"

"जाड. आतनं रस भरल्यालं. आन् मधी तोडू नगो, अख्खं पायजे."

(जाणकार माणूस दिसतोय, असं मला वाटलं.)

"आप्पा आल्यावर..."

"बापाला काय इचारतोस? हाड बेकु!"

तीनदा! आणि नेमका त्याच वेळी करंट गेला. माग थांबले. सगळा बोळ गप्प झाला आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

सूर छातीतून नाही, पायाखालच्या त्या बोटभर पोकळीतून आला. आधी हुक हलले. वारा नव्हता. मग फळीवर मांडलेल्या बकऱ्याच्या पायांनी ठेका धरला, टक टक, टक टक. परातीतला खिमा श्वास घेतल्यासारखा वर-खाली व्हायला लागला. कोपऱ्यातल्या मुंडीनं डोळे उघडले. पहाटे मीच निजवलेला काळा बोकड. त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, झोपमोड झाल्यासारखं. आणि हळूच विचारलं, "उजाडलं व्हय?"

मला थांबायचं होतं हो! पण गंधर्वाचं गाणं समेवर आल्याशिवाय थांबत नाही, आणि मला सम जन्मात सापडलेली नाही.

तोवर ते बोळभर पसरलं. गंगाक्काच्या कुकरची शिट्टी व्हायची ती झाली, "म्यॅऽऽ!" पलीकडच्या घरातल्या पातेल्यानं तिला उत्तर दिलं. किराणावाल्यानं सकाळीच खिमा-पाव खाल्ला होता. तो पोट दाबत बाहेर आला, आणि पोट आतून आईला हाक मारत होतं.

माझी आई जिन्यावरून धावत आली. पिठाचा हात तिनं माझ्या तोंडावर दाबला आणि स्वतः गुणगुणायला लागली. हुक थांबले. "मग निजतो," असं म्हणून बोकडानं डोळे मिटले.

दुकानासमोर माणसं जमली होती. सगळ्यांत पुढं गंगाक्का, हातात कुकर. तिची नजर आईच्या पायांवर होती. धावताना आईनं साडी वर खोचली होती, आणि पावलाखाली ती बोटभर फट स्पष्ट दिसत होती.

"माझी आज्जी सांगायची," गंगाक्का म्हणाली, "पाय टेकत न्हाईत, पापनी लवत न्हाय, आन् गाणं म्हटलं की मेल्यालं उठतंय. ही माणसं न्हवंत. गंधर्व हाईत."

कुणी हललं नाही. आईनं आत वळून रिकामं पोतं उचललं, सामान बांधायला. मला तिच्याकडे बघवेना.

"गंधर्व?" मास्तर ओरडले. "ह्यो? मी जन्मभर शाळेत प्रार्थना शिकवली. गंधर्व असला की सुरात गातोय! ह्यो गातोय न्हवं, दारात म्हस अडकल्यागत वरडतोय! असलं ऐकून मेल्यालं उठंल न्हाय तर काय पडून ऱ्हाईल? आन् मी गाणं मागितलंच न्हाय! हाड मागितलं, तुमचं मराठी हाड! नल्ली! लेक बाळंतीण हाय, सूप करायचंय!"

आधी किराणावाला हसला, मग सगळा बोळ. गाणं सगळ्यांनीच ऐकलं होतं, त्यामुळे मास्तरांचं म्हणणं कुणालाच खोडता आलं नाही. गंगाक्कानं मात्र आईच्या पायांकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. मग पुढं होऊन तिच्या हातातलं पोतं काढून घेतलं.

"ठेव ते," ती म्हणाली. "दुपारी शेंगा फोडायच्या हाईत."

आप्पा परत आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. ते मला फोडून काढतील असं वाटलं होतं. पण ते भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघत राहिले.

"मास्तर म्हैस म्हणाले?"

"व्हय. सगळ्यांसमोर."

"आवाज आजोबांवर गेलाय तुझा," आप्पा हळूच म्हणाले. आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

स्वर्गातून आम्ही खाली का आलो, याची आमच्या घरात दोन उत्तरं होती. आता एकच आहे.