गिझरला मारलेलं बूच

"वैनी, तुमचा गिझर लई गुणाचा हाय बघा. लाल दिवा इझतच न्हाई."

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी न्हाणीघरातून मामीला सांगत होत्या. त्या पाय पसरून बसल्या होत्या आणि बाळ त्यांच्या पायांवर पालथं होतं. माझी मामेबहीण, बाळाची आई, तांब्या घेऊन शेजारी बसलेली. मामी बाहेरूनच हसली. बाळंतिणीला पाणी कढतच लागतं, विझणारा दिवा काय कामाचा, असं तिचं म्हणणं.

मी टॉवेल धरून दारात उभी होते. आमच्या हॉस्टेलवर पाणी तापलं की दिवा आपोआप जातो. इथे तो जातच नव्हता, म्हणजे पाणी तापतच राहत होतं. काल गिझरच्या टाकीखालच्या छोट्या व्हॉल्व्हमधून गरम पाणी टपकत होतं. आतला दाब फार वाढला की तिथून सुटावा, यासाठीच तो व्हॉल्व्ह असतो. पण पाणी वाया जाताना मामांना बघवत नाही. उसाच्या ठिबकच्या सामानातलं एक बूच काढून, टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून त्यांनी व्हॉल्व्हचं तोंड घट्ट बंद केलं. असं करू नये बहुतेक, असं मी हळूच म्हटलं होतं.

"आमचं इंग्लिश मिडियम आता गिझर बी शिकवायला लागलं," मामा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

आता टाकीतून आवाज येत होता. आधी सूं सूं, मग आत कुणी खडे हलवावेत तसा. मावशींनी नळ सोडला तर पाण्याआधी वाफच फुरफुरत आली. कसं झ्याक तापलंय, म्हणत त्यांनी तो लगेच बंद केला. टाकी बरोबर बाळाच्या डोक्यावर होती.

माझी वाक्यं आधी मनात इंग्रजीत तयार होतात. ती मराठीत आणेपर्यंत बोलायची वेळ निघून जाते. बटण बाहेरच्या भिंतीवर होतं, ते मी बंद केलं. तरी आतला आवाज थांबेना.

अगं, बाळंतिणीची आंघोळ राहिलीय अजून, म्हणत मामीने बटणाकडे हात नेला. मी तो हात धरला.

"मामी, बटण लावू नकोस. मावशी, बाळाला घेऊन बाहेर या. ताई, तूही ऊठ. टाकी फुटेल."