चालू वसतिगृहाचं उद्घाटन

आमच्या घराण्याच्या धर्मादाय न्यासाची वार्षिक सभा दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी कर्जतला काकांच्या घरी भरते. सभेचं इतिवृत्त मात्र शनिवारीच लिहून तयार असतं. कोण हजर होतं, कोणी सूचना मांडली, कोणी अनुमोदन दिलं, सभा कशी खेळीमेळीत पार पडली, सगळं. रविवारी आम्ही जेवायला जातो आणि जेवणाआधी सह्या करतो. या पद्धतीत काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. वाद होत नाहीत आणि जिलबी गरम मिळते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, न्यासाचे अध्यक्ष. वडील गेल्यावर त्यांच्या जागी मी विश्वस्त झाले, कारण ‘हल्ली एक बाई असलेली बरी दिसते’ असं ठरलं. तशी बाई घरात आधीपासून होती. काकांची धाकटी बहीण, माझी आत्या. तिने लग्न केलं नाही. ऐन तरुणपणी ती कळंबला गेली आणि न्यासाचं मुलींचं वसतिगृह चालवू लागली, ते अजून चालवते आहे. डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुली तिथे राहून शाळेत जातात. खरं बोलायचं तर न्यास म्हणून जे काही घडतं ते आत्याच्या स्वयंपाकघरात घडतं. पण तिला विश्वस्त केलेलं नाही. “ती बिचारी कामात असते, तिला सभांत कशाला अडकवायचं?” असं काका म्हणतात, आणि हे ते अगदी मनापासून म्हणतात.

न्यासाचा अमृतमहोत्सव आला तशी स्मरणिका काढायची टूम निघाली. मी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून इतिहास लिहिणं माझ्या गळ्यात पडलं. काकांनी लोखंडी कपाटाची किल्ली हातात ठेवली आणि बजावलं, “जे कागदावर आहे तेवढंच लिही. ऐकीव नको.”

ऐकीव मला पुष्कळ ठाऊक होतं. आजोबांनी न्यास का काढला याच्या दोन गोष्टी घरात चालतात. काका सांगतात, ओढ्याच्या पुरामुळे शाळेला मुकलेली एक मुलगी आजोबांना भेटली आणि त्यांचं काळीज हललं. आत्या सांगते, कळंबची जमीन कुळकायद्यात हातची जाणार होती, ती वाचवायला धर्मादाय केली. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. आजोबांना काळीजही होतं आणि वकीलही होता.

कपाटात फोटो निघाले. घरातल्यांनी घरातल्यांना हार घातलेले, आणि आजोबा वह्या वाटतानाचे. वह्या घेणाऱ्या मुलींचे फक्त हात दिसतात, कारण फोटो चौकटीत बसवताना कडेने कापले होते. मग इतिवृत्तं वाचायला घेतली. एका वर्षी लिहिलं होतं, ‘वादळात छपराची कौलं उडाल्याने कळंब येथील वसतिगृह दुरुस्तीसाठी तूर्त बंद ठेवण्यात आले आहे.’ हे खरं होतं. तेव्हा मुली थोडे दिवस शाळेच्या वर्गात झोपल्या होत्या. पण पुढच्या वर्षीही तेच वाक्य. त्याच्या पुढच्या वर्षीही. काका मागचं इतिवृत्त समोर ठेवून नवं उतरवत, तारीख तेवढी बदलत. त्यामुळे आत्या ज्या वसतिगृहात रोज भाकऱ्या थापत होती, ते कागदोपत्री कित्येक वर्षं बंद होतं. आणि न्यास त्याच्यासाठी जे पैसे पाठवत होता, ते बंद इमारतीच्या देखभालीत पडत होते.

मला हसू आवरेना. मुद्दाम कळंबला जाऊन आत्याला सांगितलं. गावात राहून तिची बोली गावचीच झाली आहे. तीही हसली. “म्हंजे मी इतकी वर्सं बंद हाय होय गं? तरीच दादा मला कधी काय इचारत नाय.” पडवीत मुली अभ्यास करत होत्या, आतून डाळीला फोडणी दिल्याचा वास येत होता. आम्ही दोघी खूप हसलो, आणि ही चूक काकांच्या कानावर घालायला मी कर्जतला परतले.

काका हसले नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांच्या डोळ्याला पट्टी होती. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. तो नेरळला इमारती बांधतो. कळंबची जागा नदीला लागून, शनिवार-रविवारच्या रिसॉर्टला अगदी सोयीची, आणि मुंबईचा एक माणूस ती घ्यायला तयार होता. बंद पडलेलं वसतिगृह विकायला वकिलाला काही अडचण दिसत नव्हती.

“पण काका, ते चालू आहे,” मी म्हणाले.

“मला सांगतेस? दर दसऱ्याला मी तिथे पेढे नेतो.”

“मग?”

“मग काय? आता चालू आहे म्हटलं तर इतकी वर्षं आपण खोटं लिहिलं असं होईल. खाली तुझ्या वडिलांच्याही सह्या आहेत. त्यापेक्षा वसतिगृह बंद करणं सोपं. आत्याला आपण इथे आणू, माडीवरची खोली देऊ. दमली आहे ती.”

मुलींचं काय, हे मी विचारलं. त्यांची कुठेतरी सोय होईल, असं चुलतभाऊ म्हणाला. त्या ‘कुठेतरी’ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काका आयुष्यात कुणाशी लबाडी न केलेला माणूस. कागद खोटा ठरू नये म्हणून आता ते मुलींना घराबाहेर काढायला निघाले होते, आणि त्यांना त्यात लबाडी दिसत नव्हती.

मी जायला उठले. तेवढ्यात काकाच म्हणाले, “अगं, या वेळी इतिवृत्त तूच लिही. मला दिसत नाही, आणि तुझं अक्षर चांगलं आहे. मागच्यासारखंच लिही, फक्त जागेचा ठराव घाल.”

शनिवारी मी इतिवृत्त लिहिलं. ‘कळंब येथील वसतिगृहाची दुरुस्ती पूर्ण झाली असून ते या वर्षीपासून पुन्हा सुरू करण्याचा ठराव एकमताने संमत झाला.’ रविवारी सगळ्यांनी नेहमीसारख्या सह्या केल्या. वाचून सही करणं म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणं, असं आमच्याकडे मानतात. काकांना सहीची जागा मीच बोट ठेवून दाखवली. मला पाप वाटलं नाही, उलट जिलबी जरा जास्तच गेली.

वकिलाकडे पान उलटलं तेव्हा बोंबाबोंब झाली. चुलतभावाने माझ्याशी बोलणं टाकलं. पण काकांनी पान दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “सह्या आहेत. आता हेच खरं.” आजवरच्या इतिवृत्तांत एकही काट नव्हती, ती त्यांना स्वतःच्या हयातीत मारायची नव्हती. मुंबईच्या माणसाने दुसरीकडे जागा बघितली.

वसतिगृह वाचलं. पण ठरावाप्रमाणे ते नव्याने सुरू होत होतं, त्यामुळे उद्घाटन करणं भाग पडलं. आत्याने स्वतः झाडलेल्या दारात फीत बांधली, आणि कात्रीचं तबक तिनेच धरलं. काकांनी फीत कापली. नव्या अधीक्षिका म्हणून तिला शाल-नारळ देताना ते भाषणात म्हणाले, “कामाचा अनुभव नसताना या वयात हिने ही जबाबदारी घेतली, याचं कौतुक वाटतं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कागदावर तसंच होतं. आत्याने शाल घडी करून कोनाड्यात ठेवली आणि ती मुलींची पानं वाढायला गेली.

स्मरणिकेचा मजकूर तयार झाल्यावर मी तो घेऊन तिच्याकडे गेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे मला लिहितानाच कळलं होतं. मुली वाचाव्यात म्हणून मी वसतिगृह पुन्हा सुरू केलं होतं, म्हणजे आजवर ते बंद होतं यावर शेवटचा शिक्का मीच मारला होता. काकांनी कागदाबाहेरचं एक वाक्यही घेऊ दिलं नाही. आत्याने चष्मा लावून मेथी निवडता निवडता सगळं वाचलं. ती रागावली नाही. तिने कागद माझ्याकडे सरकवले.

“बरं लिवलंस. पन यात एक राहिलं गं. माझ्या पोरी हितनं शिकून गेल्या. कोन नर्स झाली, कोन मास्तरीण झाली. मी नव्हते तर नव्हते. पन त्या पोरी तवा कुठं ऱ्हात होत्या, तेवढं लिव.”

मी तिच्यासमोर रडले, आणि ती मेथी निवडत राहिली.