भाऊंनी पीएच.डी. करावी का?

अत्यंत गांभीर्याने आणि पूर्ण शुद्धीत जाहीर करतो की, नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत उधन्यापासून पर्वत पाटियापर्यंत ज्याचं मत आमच्या भाऊंनी घेतलं नाही, असा एकही माणूस सुरतेत उरला नव्हता. प्रश्न एकच : ‘मी पीएच.डी. करू का?’

भाऊ धुळ्याकडचे. आमच्या पॉवरलूमच्या कारखान्यात माग चालवायचे. मी तिथला मेहताजी, म्हणजे कारकून. बाहेरून परीक्षा देऊन एम.ए. झालेला कारागीर आमच्याकडे हा एकच. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. ओठाला अंगठा म्हणजे चहा; पोटावरून गोल हात म्हणजे शेठ आला. नवी खूण दिसली की भाऊ माग सोडून धावत आणि वहीत उतरवून घेत. एकदा कुणी कान खाजवला, तर त्याचा अर्थ काय म्हणून त्याला जेवणाच्या सुट्टीभर छळलं. “अहो भाऊ, खाज सुटली होती!” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. भाऊंनी तेही लिहून घेतलं.

ही वही भाऊंच्या एम.ए.च्या वेळच्या एका प्राध्यापकांनी पाहिली आणि ते थक्क झाले. “यावरच पीएच.डी. करा. सोमवारपर्यंत अर्ज द्या,” म्हणाले. झालं! भाऊ चाळिशीचे, आता नाही तर कधीच नाही. त्यांनी सल्ले गोळा करायला सुरुवात केली. तापात गुजराती डॉक्टरांनी छातीला नळी लावून “ऊंडो श्वास लो”, म्हणजे खोल श्वास घ्या, म्हटलं, तर यांनी श्वास रोखून तोच प्रश्न टाकला. “पहेला ताव तो उतरवा दो!” डॉक्टर ओरडले. वहिनी अहिराणीत एवढंच म्हणायच्या, “करनं व्हई ते करा, पन माले इचारू नका.”

सोमवार उजाडला. अर्ज कोराच, भाऊ मागावर. शेजारच्या मागावरच्या परभणीच्या कारागिराने खुणेनं विचारलं, भरला का? भाऊंनी खूण केली, अजून एकाला विचारतो. तो वैतागून जवळ आला आणि त्यांच्या छातीवर बोट टेकवलं : तुम्हाला काय वाटतं?

हे कुणी विचारलंच नव्हतं. भाऊंनी हात उचलला आणि तो तसाच राहिला. या उत्तराला वहीत खूण नसावी. शेवटी तोंडाशी तळवे धरून ते जिवाच्या आकांताने ओरडले, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले. आज इतक्या वर्षांनीही कुठे लाइट गेली की, त्या शांततेत छतापर्यंत गेलेला तो आवाज मला ऐकू येतो :

“माले करनंच शे रे, पन भेव वाटस!”