पायाळूची पाठ

राजेगावात कोणाची कंबर धरली की तो प्रेमलालकडे जायचा. प्रेमलाल पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसानं पाठीत हलकी लाथ मारली की उसण जाते, असं सगळे मानायचे. तोही मानायचा.

मग ट्रॅक्टरवरून पडून त्याचीच पाठ गेली. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, "मणका सरकलाय. स्क्रू घालून दोन मणके जोडावे लागतील." प्रेमलालनं विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला डोंबलाचा! लाज वाटत होती. पायाळूच ऑपरेशन करून आला तर कोणत्या तोंडानं गावात फिरणार? शर्टाच्या आत पट्टा आवळून तो लोकांना लाथा मारतच राहिला.

शेवटी धीर सुटला, तेव्हा तो नंदकिशोरकडे गेला. वाकलेला नंदकिशोर प्रेमलालच्या लाथेनं ताठ झाला, हे सारं गाव सांगायचं.

"खरं सांग, माह्या लाथेनं तुले फरक पडला ना?"

नंदकिशोर पाठमोरा झाला. त्यानं शर्ट वर केला. कण्यावर टाक्यांचा लांबलचक व्रण होता.

"नागपूरले ऑपरेशन केलं, दादा. तुमाले वाईट वाटन म्हणून कोणाले सांगतलं नाई."

प्रेमलालची मान वर होईना. तो पुटपुटला, "मी बी करून घेतो. बहुत दुखते का?"

"हौ, दुखते. पण तुमच्या लाथेएवढं नाई."