शेडमधलं शेवटचं गाणं

पॅकिंग टेपचा वास आला की मला ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगची ती शेड आठवते. शेजारच्या म्हाताऱ्याने तिथे स्वतःची छोटीशी कंट्री म्युझिकची कंपनी काढली होती आणि मी तिथे सीडी पॅक करायला जायची. त्याच्या एका गायिकेचं गाणं रेडिओवर गाजलं तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मग ती मोठ्या कंपनीकडे गेली, सीडी घेणारे संपले आणि म्हाताऱ्याने गिटार भिंतीला टांगली ती टांगलीच. मी मात्र शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेली विदुषी, ट्रक आणि कुत्र्यांवरच्या त्या कंट्री गाण्यांना नाक मुरडणारी! सगळं सामान विकलं गेलं, माइक, की-बोर्ड आणि भिंतीवरची गिटार तेवढी उरली, त्या दुपारी तो म्हणाला, "आता शेवटचं तू गा, मेट." मेट म्हणजे तिकडचं 'दोस्ता'. मी ऐटीत सांगितलं, "मला काळी चारचा सूर लागतो." "ते काय असतं?" मी की-बोर्डची चौथी काळी पट्टी दाबून दाखवली, गुरूंचं नाव घेऊन कानाला हात लावला, डोळे मिटले, आणि बंदिशीचे शब्दच विसरले. घाबरून तोंडातून निघाली ती लेकीला झोपवायची अंगाई. दुसऱ्या ओळीला शेजारी गिटार वाजायला लागली. डोळे उघडायची माझी छाती झाली नाही. गाणं संपल्यावर नाक पुसत तो म्हणाला, "हे आधी का नाही गायलीस? कंपनी बुडाली नसती." तेव्हाच्या माझ्यातल्या वेड्या पोरीने ते खरं मानलं. मी अजूनही मानते, फक्त नातवंडांसमोर बोलत नाही.